भाच्याची एटीव्ही आणि फुफाट्याचा हिशेब

भाच्याने एटीव्हीचा एअर फिल्टर सोडवून दिला. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा तो कार्बोरेटर; मी त्याच्या तोंडात तर्जनी घातली, एक वेढा फिरवला आणि बाहेर काढली. बोटावर तपकिरी थर. अंगठ्याने चोळला तर बारीक रव्यासारखा करकरला. ही जागा फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाच्या बाजूची. इथे फिरवलेलं बोट पांढऱ्या रुमालाला पुसलं तर रुमाल पांढराच राहायला हवा.

"फिल्टर तर नवाच आहे मामा, तीन महिनेही झाले नाहीत," भाचा म्हणाला. नवा होता हे खरं. लाल, शंकूच्या आकाराचा, चकचकीत टोपीचा. अख्ख्या गाडीवरची देखणी वस्तू तीच.

गाडी म्हणजे ४०० सीसीची जुनी एटीव्ही. चार फुगीर चाकं आणि मोटरसायकलसारखं पाय टाकून बसायचं. चार मित्रांनी वर्गणी काढून घेतली आणि इंदूरजवळ चोरलच्या बाजूला एकाच्या शेतावर ठेवली, कारण आपल्याकडे अशा बहुतेक गाड्यांना रस्त्यावर चालवायची नोंदणी मिळतच नाही. मग शेतावर एकेक उद्योग सुरू झाले. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, थोडा वाढवला, मोकळा सायलेन्सर लावला, टायर मोठे घातले आणि शेवटी कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे फिल्टर ठेवायचा बंद डबा, 'उगाच जागा अडवतो' म्हणून काढून शेडमागे फेकला. त्याच्या जागी हा लाल शंकू, थेट कार्बोरेटरच्या तोंडावर. पहिले दोन महिने नुसत्या आवाजावरच सगळे खूश. मग गाडी ऑइल प्यायला लागली आणि मागून निळसर धूर दिसायला लागला. महूच्या उस्तादाने उभ्याउभ्याच निदान केलं: "भिया, गाड़ी धूल खा री है."

माझी बावीस वर्षं पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनाचे सुटे भाग तपासण्यात गेली. त्यामुळे नात्यात कुणाचीही गाडी खोकली की ती इंदुरात राजेंद्रनगरला आमच्या दारात येते, आणि 'फिल्टर कोणता टाकू?' हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर डब्यावरच्या नावात सापडत नाही. इंजिन किती हवा ओढतं, त्या हवेत काय असतं आणि आपण गाडीत नेमकं काय बदललंय, एवढं कळलं की दुकानातला अर्धा माल आपोआप बाद होतो.

गच्चीवरची टाकी, दर मिनिटाला एक

पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबाने १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे त्याला अकरा किलोच्या आसपास हवा हवी. अकरा किलो हवा म्हणजे नऊ हजार लिटर. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यात मे महिन्याचं ऊन, त्यामुळे हवा आणखी विरळ. दहा हजार लिटरच धरा. लिटरभर पेट्रोल मोजून घालणारा माणूस या दहा हजार लिटरांचा विचारही करत नाही, कारण त्याचे पैसे पडत नाहीत.

आता इंजिनाच्या बाजूने मोजू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. मिनिटाला ६००० फेऱ्या असतील तर ३००० श्वास, प्रत्येक ०.४ लिटरचा. झाले १२०० लिटर. सिलिंडर दरवेळी पूर्ण भरत नाही, म्हणून हजार म्हणू. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. फुल्ल रेसमध्ये ही गाडी मिनिटाला तशी एक टाकी ओढून घेते आणि ती सगळी दोन मुठींएवढ्या फिल्टरमधून जाते.

शहरातल्या रस्त्यावर हे खपून जातं. शेतातल्या वाटेवर नाही.

हवेत काय आहे

माळव्याची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली. ओली असताना बुटाला किलोकिलोने चिकटते, वाळली की भेगाळते आणि वरून चार ट्रॅक्टर गेले की तिचा मैदा होतो. तोच फुफाटा. पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत जातं आणि तो पाण्यासारखा बाजूला सरकतो. यातले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. जाम गेटचा घाट उतरून निमाडात गेलात तर नर्मदेकाठची वाळूही सोबतीला येते. वाळूतला क्वार्ट्झ कडकपणाच्या मोह्स मापावर ७, बेसॉल्टमधला फेल्डस्पार ६, आणि घरातल्या सुरीचं पोलाद साडेपाच. सिलिंडरच्या ओतीव लोखंडाची काय बिशाद!

पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. अगदी बारीक कण त्या थरातून बऱ्यापैकी निमूट निघून जातो. फार मोठा कण फटीत शिरू शकत नाही. खरी दुखणी मधल्यांची, साधारण ५ ते २० मायक्रॉनवाल्यांची. ते फटीत बरोबर बसतात आणि तेलात मिसळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचं काम करतात. यातला एकही कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फिल्टर उजेडापुढे धरून 'आरपार दिसत नाही, म्हणजे चांगला' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं असतं.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राच्या आवारात अभियांत्रिकीच्या मुलांची बाहा स्पर्धा भरत आली आहे. मुलं स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या शेवटी चार तास धुळीत पळवतात. तिथे कठड्याला उभं राहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते: पुढच्या गाडीची मजा आणि मागच्या गाडीच्या फिल्टरला सजा. समोरचं दिसेनासं होईल इतक्या धुळीत दर घनमीटर हवेत जवळपास पाऊण ते एक ग्रॅम धूळ असते. आपली गाडी सतत फुल्ल रेसमध्ये नसते, म्हणून मिनिटाला सरासरी अर्धाच घनमीटर धरा. तासाला तीस घनमीटर हवा, म्हणजे पंचवीस ग्रॅम धूळ. दोन मोठे चमचे भरून.

आता फिल्टर ९९ टक्के धूळ अडवणारा असेल तर आत जाणार पाव ग्रॅम. ९७ टक्केवाला असेल तर पाऊण ग्रॅम. खोक्यावर दोन टक्क्यांचा फरक, सिलिंडरमध्ये तिप्पट धूळ. म्हणून फिल्टर किती अडवतो हा आकडा वाचण्यापेक्षा १०० मधून तो वजा करावा आणि उरलेल्याची तुलना करावी. मला स्वतःला हे कळायला नोकरीची पाच-सहा वर्षं जावी लागली.

चाळणी नव्हे

फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, भोकापेक्षा मोठं ते वर राहतं आणि लहान ते खाली जातं, असं बहुतेकांना वाटतं. तसं असतं तर ५ मायक्रॉनचा कण अडवायला त्याहून लहान भोकं लागली असती आणि इंजिन गुदमरलं असतं. प्रत्यक्षात फिल्टर म्हणजे धाग्यांचं दाट जंगल. हवा धाग्यांना वळसे घालत जाते. जड कणाला ते वळण घेता येत नाही; सराफ्याच्या गल्लीत जोरात स्कूटर घालणारा जसा पहिल्याच कोपऱ्यावर हातगाडीला धडकतो, तसा तो धाग्यावर आदळतो. मधला कण वळतो खरा, पण जाताजाता त्याची कड धाग्याला घासते आणि तो चिकटून बसतो. अतिबारीक कण हवेतच इकडेतिकडे भरकटत असतात, त्यामुळे कधीतरी कशाला तरी लागतातच. तेल असेल तर पकड पक्की.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण अडकलेले कणही पुढच्यांना अडवू लागतात. अर्थात त्याबरोबर हवाही अडायला लागते, म्हणून याला हद्द आहे. पण दर रविवारी फिल्टर झटकून टाकणारा माणूस गाडीची सेवा करतोय असं समजू नका.

फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ५०११ या क्रमांकाने ओळखली जाते. ठरावीक बारकाईची धूळ हवेत सोडून तीन गोष्टी मोजतात: किती टक्के धूळ अडली, हवेला अडथळा किती झाला आणि तुंबेपर्यंत फिल्टरने किती ग्रॅम धूळ पोटात घेतली. नुसतं 'हाय फ्लो' छापलेलं असेल तर तीनपैकी एकाच गोष्टीबद्दल बढाई मारली आहे, तीही आकड्याशिवाय. जाळी नसलेल्या खिडकीलासुद्धा हाय फ्लोच म्हणायचं!

कागद, कापूस, फोम

घड्या घातलेला कागद बारीक धूळ उत्तम अडवतो. घड्यांमुळे लहान जागेत मोठं क्षेत्रफळ मिळतं, तेल लावायची भानगड नाही. पण पाणी लागलं की तो फुगतो आणि दम कोंडतो. धूळ त्याच्या पृष्ठभागावरच साचते, त्यामुळे फुफाट्यात लवकर तुंबतो. तो धुवायचा नसतो. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर आतून बाहेर, लांबून आणि कमी दाबाने. आपल्याकडे पंक्चरवाल्याकडची हवा फुल्ल दाबाने मारतात आणि कागदाला टाचणीएवढी भोकं पाडतात. मग फिल्टर दिसतो स्वच्छ आणि असतो निकामी. आत टॉर्च धरून बाहेरून बघा, प्रकाशाचे ठिपके दिसले तर फेकून द्या.

तेल लावलेला कापूस म्हणजे तारेच्या जाळीत बसवलेले कापडाचे थर. हवा सहज जाते, धुऊन पुन्हा वापरता येतो, डांबरी रस्त्यावरच्या गाडीला वर्षानुवर्षं पुरतो. बारीक धुळीत मात्र हा साधारणपणे चांगल्या कागदाच्या मागे पडतो, आणि तेल सगळीकडे सारखं लागलं नसेल तर फारच मागे. भाच्याचा लाल शंकू याच जातीचा होता. तेल कधी लावलंय का विचारलं, तर "ते लावायचं असतं?" असा प्रतिप्रश्न आला.

तिसरा, तेल लावलेला फोम. हा दिसायला गरीब, भांडी घासायच्या स्पंजाचा थोरला भाऊ. पण त्याची जाडी हीच त्याची ताकद. धूळ फक्त वर न बसता आतपर्यंत थराथराने साठते, त्यामुळे बरीच धूळ खाऊनही हवा चालू राहते. दोन थरांचा घेतला, बाहेर मोठ्या छिद्रांचा आणि आत बारीक छिद्रांचा, तर आणखी चांगलं. चिखल-पाण्याचे शिंतोडे तो कागदापेक्षा बरे सोसतो. बऱ्याच एटीव्ही आणि मातीतल्या शर्यतीच्या मोटरसायकली कंपनीतूनच फोम घेऊन येतात, ते उगाच नाही. त्याची अट एकच, तेल. कोरडा फोम धूळ जवळपास सोडूनच देतो.

माझा कौल सांगतो. माळव्यात मातीत चालणाऱ्या, हौसेने बदललेल्या गाडीला दोन थरांचा तेलाचा फोम, त्यावर बारीक जाळीच्या कापडाची प्री-फिल्टर पिशवी आणि हे सगळं बंद बॉक्समध्ये. गव्हाच्या काढणीनंतर शेतात उडणारा भुसा ती पिशवीच अडवते. तो फोमपर्यंत पोहोचला तर एका दुपारीत फिल्टर तुंबवून टाकतो. ज्याला तेलाने हात बरबटवायचा कंटाळा आहे त्याने कंपनीचा कागदवाला घ्यावा आणि न कुरकुरता बदलत राहावा. हेही शहाणपणाचंच.

'पण गाडीला मोकळी हवा नको का?'

भाच्याचा खरा मुद्दा हा होता. बोअर वाढवला, सायलेन्सर मोकळा केला, तर हवाही जास्त लागणार. बरोबर आहे. पण किती जास्त? ४०० सीसीचे ४४० केले तर हवा दहा टक्के वाढली, दुप्पट नाही. कंपनीचा फिल्टर मळल्यावरही काम चालावं म्हणून मुळातच सैल हाताने बनवलेला असतो, दहा टक्के त्यात बहुधा मावतात. मावतात की नाही हे वाद घालून ठरवण्यापेक्षा मोजावं, आणि मोजायला वीस-तीस रुपयांची पारदर्शक नळी पुरते. गवंडी लेव्हल बघायला वापरतो तीच.

रिंगा-पिस्टन नवे घालून, सिलिंडर पुन्हा बोअर करून इंजिन परत आलं, तेव्हा आम्ही हा प्रयोग केला. शेडमागचा बॉक्स उकरून काढला. त्यात कोळ्यांचा संसार होता, पण तडा कुठे नव्हता. फूट-दीड फूट उंचीच्या फळीवर नळी इंग्रजी यू आकारात ठोकली आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरून त्यात चिमूटभर कुंकू टाकलं, दिसावं म्हणून. नळीचं एक टोक फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये जोडलं, दुसरं उघडं. इंजिन ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे फिल्टरने केलेला अडथळा. एकच सिलिंडर असल्यामुळे पाणी थुईथुई नाचतं. नळीला क्लिप लावून ती अर्धी आवळली की ते शांत होतं. उभ्या गाडीला रेस देऊन हे मोजू नका, तेव्हा इंजिनावर भारच नसतो. चढावर फुल्ल रेसमध्ये मोजा, आणि फळी सरळ उभी धरायला दुसरा माणूस ठेवा, आकडा वाचणाराही तोच. आमच्या वेळी फळी मी धरली होती, त्या चढावर पुन्हा कुणी बोलावलं तर जाणार नाही.

बॉक्समध्ये तेलाचा फोम: ९ सेंटिमीटर. लाल शंकू: ४ सेंटिमीटर. भाच्याचा चेहरा खुलला. "बघ, निम्म्याहून कमी!"

आता हा आकडा कशाच्या तुलनेत बघायचा? इंदूरच्या उंचीवर हवेचा दाब पाण्याच्या भाषेत सांगायचा तर साधारण ९७० सेंटिमीटर. त्यातले पाच वाचले, म्हणजे अर्धा टक्का. इंजिनाची ताकद ढोबळमानाने आत गेलेल्या हवेच्या वजनावर ठरते, तेव्हा अर्धा टक्का हवा म्हणजे फार तर अर्धा टक्का ताकद. वीस घोड्यांच्या इंजिनात एका घोड्याचा दहावा हिस्सा.

मग थर्मामीटर लावला. बॉक्सचं तोंड पुढे, सीटखाली सावलीत. तिथली हवा ३८ अंश. शंकू इंजिनाच्या डोक्यामागे उघडा. हळू चालवताना तिथे ५० अंश. हवा दहा अंशांनी तापली की जवळपास तीन टक्के विरळ होते. अर्ध्या टक्क्याची कमाई करून साडेतीन टक्क्यांचा खर्च! मग गाडी जोरात पळाल्यासारखी का वाटत होती? आवाजामुळे. बॉक्स गेला की हवा ओढण्याची घरघर थेट कानावर येते आणि कानाला वेग वाटतो.

बॉक्सची आणखी एक कामगिरी लोकांना माहीत नसते. इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढतं. बॉक्सचं पोट आणि त्याच्या तोंडाची नळी यांची मापं जुळवून कंपनी त्या धक्क्यांचा फायदा घेते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो आवाज घुमतो, तोच खेळ. त्यामुळे मधल्या वेगांत सिलिंडर जरा जास्त भरतो. बॉक्स काढलात की नेमका तिथेच, चिखलातून बाहेर पडताना जिथे दम हवा असतो तिथे, गाडी पोकळ वाटायला लागते.

बरं, पाण्याच्या नळीने खरोखरच वीस-पंचवीस सेंटिमीटर दाखवले तर? तर आधी फिल्टर स्वच्छ आहे ना ते बघा. मग बॉक्सच्या झाकणावरचं तोंड थोडं मोठं करा किंवा दुसरं तोंड काढा, आणि जागा असेल तर त्याच बॉक्समध्ये मोठ्या क्षेत्रफळाचा फोम बसवा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून हवा निम्म्या वेगाने जाते. अडथळाही कमी होतो आणि फिल्टर टिकतोही जास्त. मोकळी हवा आणि कमी धूळ हे दोन्ही एकाच वेळी देणारा उपाय मला तरी एवढाच माहीत आहे.

जेटचं काय?

फिल्टर, बॉक्स किंवा सायलेन्सर बदलला की हवा-पेट्रोलचं प्रमाण हलतं. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि फार झालं तर पिस्टन वितळतो. कार्बोरेटरच्या गाडीत उपाय हाताने करायचा, जेट बदलून. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. जवळपास पूर्ण रेसवर मुख्य जेटची सत्ता, मधल्या टप्प्यात सुईची आणि आयडलला पायलट जेटची. फुल्ल रेसमध्ये चढ चढवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढा. पांढराफटक म्हणजे पातळ, काजळीने काळा म्हणजे घट्ट, चहाच्या रंगाचा म्हणजे ठीक. जेट एकेका नंबरानेच बदला.

इंजेक्शनची गाडी, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी, हे आपोआप करते असा समज आहे. अर्धाच खरा. बहुतेक एटीव्हींमध्ये हवा मोजणारा सेन्सर नसतो. थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय किंवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) दाब किती आहे आणि फेऱ्या किती, यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो. ऑक्सिजन सेन्सर असेल तर हलक्या रेसमध्ये चूक दुरुस्त होते, पूर्ण रेसमध्ये सहसा होत नाही. मोठे बदल केले असतील तर ट्यूनिंग करून घ्यावंच लागतं.

इतकं सांगूनही कुणाला उघडाच फिल्टर लावायचा असेल, बॉक्स मिळतच नाही किंवा चासीच बदलली आहे, तर निदान शंकू फोमचा घ्या, जागेत बसेल तेवढा मोठा. त्याचं रबरी तोंड कार्बोरेटरच्या तोंडाच्या मापाशी मिलिमीटरमध्ये जुळलं पाहिजे. 'क्लिप आवळली की बसेल' हे दुकानदाराचं वाक्य ऐकलं की दुकान बदला. मागच्या टोकाला चासीवरून पट्टीचा आधार द्या, नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तो रबराच्या मुळाशी चिरतो. आणि पावसाळ्यात नाल्यात घालू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता त्या पहिल्या बोटाकडे येतो. लाल शंकू मी नंतर नीट तपासला. कापूस कुठेही फाटलेला नव्हता. कोरडा होता, हा एक गुन्हा. पण मोठी वाट वेगळीच निघाली: तोंडाचं माप कार्बोरेटरपेक्षा जरा मोठं, आणि क्लिप आवळल्यावर रबराला खालच्या बाजूला एक बारीक चुणी पडलेली. पोस्टकार्ड सरकेल एवढी. तिच्याभोवती धुळीची एक रेघ उमटली होती, तापीच्या नकाशासारखी आत गेलेली. हवा नेहमी सोपी वाट धरते. त्या चुणीतून येणाऱ्या हवेला ना कापूस लागत होता ना तेल. जगातला सगळ्यात महाग फिल्टर तिथे लावला असता तरी बोट असंच करकरलं असतं.

म्हणून फोम बसवताना त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, बॉक्सला बसणाऱ्या कडेलाही. दुसऱ्या दिवशी बॉक्सच्या आतल्या, स्वच्छ बाजूला थोडं पांढरं ग्रीस लावून ठेवा आणि चार-पाच तास चालवल्यावर बघा. ग्रीसवर ठिपके आले तर कुठेतरी चोरवाट आहे.

धुणं एकदा दाखवलं की कुणीही शिकतं. फोम केरोसिनमध्ये किंवा फिल्टरच्या क्लीनरमध्ये बुडवून दाबायचा, मग साबणाच्या कोमट पाण्यात, मग सावलीत पूर्ण वाळवायचा. पेट्रोलमध्ये धुऊ नका: चिकटवलेले जोड सुटतात आणि बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ ही आगीला चिठ्ठी आहे. पिळून तर मुळीच काढू नका, फाटतो. तेल फिल्टरचंच घ्या. इंजिन ऑइल लावलं तर दोन दिवसांत ओघळून खाली जमतं आणि वरची बाजू कोरडी पडते. फिल्टरचं तेल मात्र चिकट होऊन जागेवर राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत फोम घालायचा, वर तेल ओतायचं आणि कणकेसारखं मळायचं, सगळीकडे रंग एकसारखा येईपर्यंत. मग जादाचं तेल हलकेच दाबून काढायचं.

फुफाट्यात दिवसभर चालवली तर हे त्याच संध्याकाळी. हलक्या वापराला महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं. आणि समोरच्या गाडीपासून धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेवा, याला एक पैसा लागत नाही.

बॉक्स आता परत गाडीवर आहे, मुख्य जेट दोन नंबरांनी खाली आला आहे. गेल्या रविवारी पोरं शेतावरून परतली तेव्हा मी न विचारताच भाच्याने नळी सोडवली, स्वतःचं बोट फिरवलं आणि रुमाल माझ्यापुढे धरला. तेलाचा एक फिकट डाग, बाकी काही नाही. पुढच्या रविवारी त्यांना नाल्यापलीकडे जायचंय, त्यामुळे आता बॉक्सचं तोंड हँडलपर्यंत वर न्यायचं चाललंय. कशाची नळी वापरायची यावर अजून एकमत नाही. प्री-फिल्टरची पिशवी मात्र धुऊन आमच्या गॅलरीत वाळत पडली आहे.